रात्रीची लाइन आणि नवे अल्बम: पंक, ड्रीम पॉप ऐकणारे विदर्भात कोण कोण आहेत?

धुऱ्यावरचा | सोमवार, रात्री १:५२

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातून लिहितो आहे, वर्धा नदीच्या अलीकडून.

या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइन आहे, म्हणजे शेतीची वीज रात्रीच येते. हरभऱ्याचं ओलीत चालू आहे. स्प्रिंकलरचा एक सेट लावला की तीन तास तो तिथेच चालू द्यायचा, मग पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. त्या तीन तासांत हाताला काम नसतं, पण झोपून चालत नाही. मोटर बंद पडली तर कळलं पाहिजे, नोझल कचऱ्यानं अडकला तर कळलं पाहिजे, आणि तुरीच्या बाजूनं रानडुकरं शिरली तर सगळ्यात आधी कळलं पाहिजे.

या तीन तासांत मी अल्बम ऐकतो. पूर्ण ऐकतो, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, बँडनं ज्या क्रमानं लावलेत त्याच क्रमानं. दिवसा हे कधीच जमत नाही. दिवसा फोन वाजतो, कोणी हाक मारतं, डीपीवर फ्यूज गेला म्हणून धावावं लागतं. रात्री एका सेटमध्ये तीन अल्बम होतात, पंक (वेगवान, आक्रमक, छोट्या गाण्यांचं रॉक) असेल तर पाच.

गेल्या हिवाळ्यापासून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला अल्बम म्हणजे स्लोडाइव्ह या ड्रीम पॉप (धूसर, तरंगत्या आवाजाचं संगीत) बँडचा 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह'. सप्टेंबर २०२३ मध्ये आला, म्हणजे अगदी कालचा नाही, पण माझ्यासाठी नवाच. इंग्लंडमधल्या रेडिंगचा हा बँड १९८९ चा. १९९१ ते १९९५ मध्ये तीन अल्बम केले. तिसरा आला आणि कंपनीनं त्यांना सोडून दिलं. त्या काळात तिथल्या संगीत साप्ताहिकांनीही त्यांना झोडपलं होतं. त्यानंतर थेट २०१७ मध्ये चौथा अल्बम, आणि हा पाचवा. २०२० मध्ये गायिका रेचेल गॉसवेलची आई आणि ड्रमर सायमन स्कॉटचे वडील गेले. अल्बम त्या दोघांना अर्पण केला आहे. आठच गाणी. दुसऱ्यात तर शब्दच नाहीत, नुसती वाद्यं. ते चालू असताना स्प्रिंकलरचा 'चट् चट् चट्' आणि गोल फिरून परत येतानाचा 'सर्रर्र' त्यात असा मिसळतो की मी आता घरी ऐकलं तर काहीतरी कमी वाटतं.

दुसरा, कॅनडातल्या ऑलवेज बँडचा 'ब्लू रेव्ह', ऑक्टोबर २०२२. याची गोष्ट ऐका. गायिकेच्या घरात चोरी झाली, नव्या गाण्यांचे कच्चे नमुने असलेला रेकॉर्डर गेला. दुसऱ्याच दिवशी तळघरात पाणी शिरलं आणि बाकीचं सामान कसंबसं वाचलं. त्यात साथीचा रोग, सीमा बंद. शेवटी स्टुडिओत गेले तेव्हा त्यांनी अख्खा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा सलग वाजवला, दोन गाण्यांमध्ये १५ सेकंद थांबून. बाकी कारागिरी नंतर. म्हणून चौदा गाणी एका दमात ऐकली की ती एका दमातलीच वाटतात. खूप वाट पाहायला लावून आलेल्या पिकासारखा अल्बम आहे हा.

पंकमध्ये मेलबर्नच्या ॲमिल अँड द स्निफर्सचा 'कार्टून डार्कनेस' (ऑक्टोबर २०२४) आणि ब्रायटनच्या लँब्रिनी गर्ल्सचा पहिलाच अल्बम 'हू लेट द डॉग्ज आउट' (जानेवारी २०२५). पहाटे चारला डोळे मिटायला लागले की हे दोन लावायचे. झोप जाते, आणि पाइप उचलायला अंगात बळ येतं.

एक अडचण आहे, ती मोकळेपणानं विचारतो. मी एकाच कानात इअरफोन घालतो. दुसरा कान वावरासाठी. मागे नागपूरला जाताना बसमध्ये दोन्ही कानांत घालून स्लोडाइव्ह ऐकलं आणि मला धक्काच बसला. एक आख्खी गिटार मी वर्षभर ऐकलीच नव्हती! ती दुसऱ्या बाजूला होती. यावर काही उपाय आहे का?

आणि बाकीचे काय ऐकताय? कुठे, कधी ऐकता, तेही लिहा. मला ते जाणून घ्यायचं आहे.

---

खंजिरी | मंगळवार, सकाळी ७:१०

भाऊ, वाचलं अन् रायवलं नाही. आमचं गाव तिवसा तालुक्यात, तुमच्या नदीच्या इकडल्या आंगाले. मोझरी जवळ हाये. घरात खंजिरी भजन माह्या आज्यापासून चालू हाये, मी बी मंडळात वाजवतो.

हे पंक मले माह्या भाच्यानं आयकवलं. तो बारावीत हाये, गिटार वाजवते. पयले मले वाटलं का हे नुसतं भांडण हाये. मंग त्यानं मले चार पोट्टीयचा एक बँड दाखवला, लिंडा लिंडाज, अमेरिकेतल्या लॉस एंजलिसच्या. लायब्ररीत वाजवून रायल्या होत्या, पुस्तकाच्या कपाटायच्या मंधात. सगळ्यात लहानी ड्रमवाली दहा वर्षाची. ते पाहून मी पुरा आयकला त्यायचा नवा अल्बम, 'नो ऑब्लिगेशन', २०२४ चा. ठेका सोपा हाये, पण घट हाये. हात उगाच कुठी जात नाही. भजनात आमी नवीन पोराले हेच सांगतो, पयले ठेका धर, कला मंग.

ड्रीम पॉप मले समजत नाही अजून. सगळं धुक्यात असल्यासारखं वाटते.

---

बर्डीवरून | मंगळवार, सकाळी १०:३५

उत्तम धागा. नागपुरातून हजेरी.

एक मुद्दा आधीच मांडतो, कारण पुढे त्यावरून घोळ होईल. अशा संगीताला आपण 'इंडिपेंडंट', म्हणजे स्वतंत्र म्हणतो, पण त्याचा नेमका अर्थ काय? आपण आवाजावरून ठरवतो, पण ते मालकीवरून ठरतं. टर्नस्टाइलचा 'नेव्हर इनफ' जून २०२५ मध्ये आला. बँड हार्डकोर पंकमधूनच वर आलेला, बाल्टिमोरचा. पण तो ज्या रोडरनर लेबलनं (अल्बम काढणाऱ्या कंपनीनं) काढला, ते वॉर्नर या बड्या संगीत कंपनीचं आहे. बीच हाउसही बाल्टिमोरचेच, त्यांचे अल्बम सब पॉपवर येतात, आणि सब पॉपमध्ये वॉर्नरचा ४९ टक्के वाटा १९९५ पासून आहे. उलट लिंडा लिंडाज ज्या एपिटाफवर आहेत ते लेबल बॅड रिलिजनच्या गिटारवाल्यानं सुरू केलं आणि आजही स्वतंत्र आहे. स्लोडाइव्ह डेड ओशन्सवर, लँब्रिनी गर्ल्स बर्लिनच्या सिटी स्लँगवर. तेही स्वतंत्र.

याचा अर्थ टर्नस्टाइल ऐकू नका असा नाही. मी स्वतः तो अल्बम महिनाभर ऐकला. पण पैसे द्यायची वेळ आली की मी आधी छोट्यांकडे बघतो.

धुऱ्यावरचा भाऊ, फिलाडेल्फियाच्या मॅनेक्विन पुसीचा 'आय गॉट हेवन' (मार्च २०२४) लावून बघा. त्यात पंक आणि ड्रीम पॉप एकाच गाण्यात येतात, कुजबुजीतून किंकाळीपर्यंत.

---

पुण्यातला वऱ्हाडी | मंगळवार, दुपारी १:२०

मूळ गाव दर्यापूरकडचं, सध्या पुण्यात साउंडचं काम करतो. एका कानाच्या प्रश्नावर लिहितो.

भाऊ, तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असेल. त्यात 'मोनो ऑडिओ' चालू करा. डावं आणि उजवं एकत्र होऊन दोन्ही बाजूंना सारखंच येतं. एकच इअरफोन लावला तरी गाण्यातलं काही हरवत नाही. हरवते ती जागा, म्हणजे कोणतं वाद्य कुठून येतंय ते.

आणि ड्रीम पॉपमध्ये ती जागाच अर्धं गाणं असते. एक गिटार डावीकडे, एक उजवीकडे, दोघींवर लावलेल्या कोरस या इफेक्टचा वेग जरासा वेगळा, त्यामुळे मधल्या मोकळ्या जागेत आवाज तरंगल्यासारखा वाटतो. मोनो केलं की त्या दोन गिटारी एकमेकींवर येतात, काही स्वर फुगतात, काही पुसले जातात. म्हणून माझं म्हणणं असं, की वावरात मोनो लावा, पण प्रत्येक अल्बम एकदा तरी दोन्ही कानांनी, घरी ऐका.

पंकमध्येही हे होतं बरं का. रामोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम घ्या. गिटार पूर्ण उजवीकडे, बेस पूर्ण डावीकडे, आवाज आणि ड्रम मधे. डावा इअरफोन एकटा लावला तर गिटारशिवायचे रामोन्स ऐकू येतात. शिकणाऱ्या पोरांसाठी हे वरदान आहे. खंजिरी दादा, तुमच्या भाच्याला सांगा, उजवा काढून डाव्या कानात बेस ऐकायचा आणि आपण गिटार वाजवायची.

---

धुऱ्यावरचा | मंगळवार, रात्री ११:४८

मोनो सुरू केलं. ती दुसरी गिटार आली! पुण्यातल्या भाऊंचे मनापासून आभार.

फक्त एक सांगतो, आता आवाज जरा दाटीचा वाटतो, तुम्ही म्हणालात तसाच. पण चालेल.

---

झाडीतली | बुधवार, दुपारी ३:०५

मी देसाईगंजकडची. दिवाळीनंतर आमच्याकडे नाटकांचा हंगाम असतो, आणि मी दोन वर्षांपासून एका नाटक मंडळीत सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) वाजवते. रात्री दहाला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतं. त्यामुळे रात्र जागून संगीत ऐकणं माझ्यासाठी कामच आहे.

खंजिरी काकांनी 'धुक्यात असल्यासारखं' म्हटलं, त्यावर लिहावंसं वाटलं. मला इंग्रजी गाणी ऐकताना कायम एक ओझं असायचं की शब्द कळत नाहीत, म्हणजे मला गाणंच कळत नाही. ते ओझं कॉक्टो ट्विन्सनी उतरवलं. जुना बँड आहे, पण या सगळ्या नव्या मंडळींचं मूळ तिथेच. स्कॉटलंडमधलं ग्रेंजमथ, त्या काळी तेलशुद्धीकरणाच्या कारखान्याचं गाव, तिथली ही पोरं. एलिझाबेथ फ्रेझर जे गाते त्यातले कितीतरी शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही लागत नाहीत. शब्दाच्या अर्थापेक्षा त्याचा उच्चार तोंडात कसा लागतो, यावर ती ते निवडायची. १९९० चा 'हेवन ऑर लास व्हेगास' मी घरी लावला होता. आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, "ही कोणत्या भाषेत गाते गं?" मी म्हटलं, "तिच्या." आई म्हणाली, "मग बरोबर. रडते आहे ते तर कळतंच." खरं तर त्यातली काही गाणी एलिझाबेथच्या तान्ह्या मुलीच्या आनंदाची आहेत. पण आईला जे ऐकू आलं तेही त्यात आहेच.

नव्यामध्ये मी जॅपनीज ब्रेकफास्टचा मार्च २०२५ चा अल्बम ऐकते, 'फॉर मेलँकली ब्रुनेट्स'. आणि आपल्याकडचं म्हणाल तर कोलकात्याचे पारेख अँड सिंग. त्यांचा 'ओशन' २०१६ चा आणि 'सायन्स सिटी' २०१९ चा. दोनच माणसं, पण काय नेटका आवाज! सिंथ वाजवणाऱ्यानं 'ओशन' ऐकलाच पाहिजे. कुठे थांबायचं हे त्यांना कळतं. नाटकात मला सगळ्यात जास्त ओरडा त्यावरूनच बसतो.

---

गुरुजी | बुधवार, रात्री ९:४०

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवतो. गाव मुद्दाम लिहीत नाही.

लिंडा लिंडाजचा विषय निघाला म्हणून. त्या लायब्ररीतल्या गाण्यामागे खरी घटना आहे. वर्गातला एक मुलगा ड्रमवाल्या मुलीला वंशावरून लागेल असं बोलला. ती चिनी वंशाची आहे हे कळल्यावर तो मागे सरकला. ती आणि तिची बहीण लागणारी बँडमधली मुलगी, दोघींनी मिळून त्यावर गाणं लिहिलं. मे २०२१ मध्ये तो व्हिडिओ जगभर गेला.

मी हे आठवीच्या मुलींना सांगितलं. गाणं ऐकवलं, अर्थ मराठीत सांगितला. मग म्हटलं, तुम्हाला वर्गात कोणी लागेल असं बोललं असेल तर ते लिहा, नाव न घालता. पुढचं काय वाचायला मिळालं ते इथे लिहिणं योग्य नाही. पण एका मुलीनं चार ओळी यमकात लिहिल्या होत्या आणि मधल्या सुटीत तिच्या मैत्रिणी बाक वाजवून त्या म्हणत होत्या. शाळेतल्या काही जणांना ते आवडलं नाही. 'मुलींना हे काय शिकवता' असं विचारलं गेलं. मी थांबलो नाही.

मला एक माहिती हवी आहे. भारतातल्या मुलींचा असा कोणता बँड आहे का? मुलींना फक्त अमेरिका दाखवावीशी वाटत नाही.

---

बर्डीवरून | बुधवार, रात्री १०:१५

गुरुजी, द विनाइल रेकॉर्ड्स. अरुणाचल प्रदेशातल्या मुलींचा पोस्ट-पंक बँड. नक्की दाखवा. मुंबईच्या द रायट पेडलर्सचं पंकही ऐकण्यासारखं आहे, पण ते आठवीसाठी नाही, तुमच्यासाठी.

---

पऱ्हाटी | गुरुवार, दुपारी २:३०

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय सगळ्यांनी. पण मला एक गोष्ट खुपली, ती लिहिते.

धुऱ्यावरचे दादा, तुम्हाला रात्र आहे. तीन तास, एकटं, वावरात, कोणी विचारणारं नाही. आमच्या घरात ओलिताला भाऊ जातो. मी गेले तर गावभर चर्चा. पूर्ण अल्बम बसून ऐकायचा म्हणता, पण बसायला मिळतं कोणाला?

मी कॉलेजला आहे आणि सीझनमध्ये आईसोबत कापूस वेचायला जाते. किलोवर मजुरी. ओढणीखालून एक इअरफोन. ड्रीम पॉप तिथे मला चालत नाही. हात हळू होतात, खरंच होतात, संध्याकाळी काट्यावर कळतं. मला पंक लागतं. लँब्रिनी गर्ल्सचा अल्बम साधारण अर्ध्या तासाचा आहे. तो सुरू करून कापसाचा तास, म्हणजे ओळ, धरला तर संपेपर्यंत ओटी भरत येते. ॲमिलचाही तसाच, अर्ध्या तासाच्या थोडा वर. मला अल्बमची लांबी मिनिटांत माहीत नसते, कापसात माहीत असते.

आणि अर्थ कळतो मला. लँब्रिनी गर्ल्स ज्यावर ओरडतात, कामाच्या ठिकाणी अंगचटीला येणारे पुरुष, रस्त्यावरून चालताना होणारा त्रास, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. दोघीच जणी आहेत, गिटार आणि बेस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तास संपला आणि मी तशीच उभी राहिले. आईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काटा रुतला.

---

धुऱ्यावरचा | गुरुवार, दुपारी ४:१५

पऱ्हाटी ताई, तुमचं बरोबर आहे. मी हा विचार केला नव्हता. माझी बहीण आठवली. तिलाही गाण्याचं वेड होतं आणि मी तिला कधी वावरात सोबत नेलं नाही. अल्बम पूर्ण ऐकावा हे माझं मत कायम आहे, पण पूर्ण ऐकायला रात्रच हवी असं जे मी धरून चाललो होतो ते चूक. तुम्ही उभ्यानं, काम करता करता पूर्ण ऐकता. माझ्यापेक्षा जास्त नीट ऐकता.

ॲमिलबद्दल एक सांगतो, तुम्हाला आवडेल. २०१६ मध्ये त्यांनी पहिली गाणी राहत्या घरात लिहिली, तिथेच रेकॉर्ड केली आणि नेटवर टाकली. सगळं मिळून १२ तासांत.

---

पुण्यातला वऱ्हाडी | गुरुवार, संध्याकाळी ६:००

नेटवर्कचा प्रश्न सगळ्यांनाच असेल म्हणून थोडा हिशेब. ३२० केबीपीएसची एमपी३ म्हणजे मिनिटाला साधारण २.४ एमबी. ४० मिनिटांचा अल्बम १०० एमबीच्या आत बसतो. एकदा उतरवला की पुन्हा डेटा लागत नाही, टॉवर गेला तरी वाजतो. पंकचा अर्ध्या तासाचा अल्बम तर ७०-७५ एमबी.

बँडकॅम्पवर विकत घेतलं की फाइल आपली होते. डिजिटल विक्रीतले १५ टक्के साइट घेते, पैसे पाठवण्याचा खर्च वेगळा, उरलेलं बँडकडे किंवा लेबलकडे जातं. मार्च २०२० पासून ते अधूनमधून 'बँडकॅम्प फ्रायडे' ठेवतात, त्या दिवशी आपला वाटा सोडतात. मी खरेदी त्याच दिवशी करतो. आपल्या बँकेच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात, ते मुळात बंद असतात. खरेदी झाली की परत बंद करा. बरेच बँड 'वाटेल तेवढे द्या' असंही ठेवतात, कधी शून्यही चालतं.

याउलट स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नाहीत त्याला एक पैसाही नाही. छोट्या बँडची कितीतरी गाणी त्याखाली राहतात.

---

खंजिरी | गुरुवार, रात्री ८:२०

आता मले मदत पायजे. भाच्यानं तीन गाणे बनवले. आपल्याच बोलीत. एक सोयाबीनच्या भावावर हाये, एक त्याच्या दोस्तावर जो गाव सोडून गेला, अन् एक नुसतं असंच, संध्याकाळचं. शेवटल्या गाण्यात त्याले तो झाडीतली ताई म्हणते तसा आवाज पायजे, धुक्यातला. पण त्याच्याजवळ गिटारचा आवाज बदलवाचं पेडल नाही. एक गिटार, एक फोन, एक लहानसा स्पीकर. मी म्हटलं पैसे साठव. तो म्हणते, मामा, तवरक गाणं शिळं होईल.

पोराचं खरं हाये वाटते मले. काय करावं?

---

पुण्यातला वऱ्हाडी | गुरुवार, रात्री ९:०५

गाव तिवसा तालुक्यात म्हणजे वावरात बांधीव विहीर असेलच. दगडी बांधकामाची, गोल. त्याचाच उपयोग करा. मी गमतीनं सांगत नाही.

पेडल यायच्या आधी स्टुडिओत घुमारा असाच काढत. एक रिकामी खोली, कडक प्लास्टरच्या भिंती. त्यात स्पीकर ठेवून गाणं वाजवायचं, दुसऱ्या कोपऱ्यात माइक ठेवून परत आलेला आवाज पकडायचा, आणि तो मूळ गाण्यात हवा तेवढा मिसळायचा. लॉस एंजलिसच्या कॅपिटल स्टुडिओत अशा खोल्या जमिनीखाली ३० फुटांवर आहेत. त्यांची रचना गिटारवादक लेस पॉलनं केली. तीस फूट म्हणजे आपल्याकडची साधी विहीरच.

फरक एवढाच, की त्या खोल्यांच्या भिंती मुद्दाम समांतर ठेवलेल्या नाहीत. विहीर गोल असते, त्यामुळे आवाज बरोबर मध्यावर गोळा होतो आणि फडफडल्यासारखा ऐकू येतो. त्यासाठी स्पीकर मधोमध सोडू नका. भिंतीजवळ, तोंड पाण्याकडे. फोन समोरच्या बाजूला, पाच-सहा हात वर. दोन दोर वेगळे. पंप बंद. आणि कठड्यावरून वाकायचं नाही, दोघं तरी हवेत.

---

धुऱ्यावरचा | गुरुवार, रात्री ९:३०

खंजिरी दादा, आमची विहीर चाळीस फुटांची आहे, आजोबांच्या काळची, काळ्या दगडाची. कौंडण्यपूरच्या पुलावरून आलात तर तासाभराचा रस्ता. रविवारी भाच्याला घेऊन या. आमच्याकडे जेवा.

---

झाडीतली | शुक्रवार, दुपारी १२:१०

रविवारी माझा प्रयोग आहे, नाहीतर मीही आले असते. रेकॉर्डिंग झालं की मला फाइल पाठवा. हलकासा सिंथ भरून परत पाठवते. भाच्याला आवडला नाही तर काढून टाका, मला राग येणार नाही.

---

बर्डीवरून | शुक्रवार, दुपारी १:००

बझकॉक्स आठवले. मँचेस्टर, डिसेंबर १९७६. ५०० पौंड उसने घेऊन चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच काढली, १,००० प्रती. कंपनीची वाट पाहिली नाही. इंग्लंडमधल्या स्वतंत्र पंकची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. खंजिरी दादा, तुमच्या भजन मंडळाची वर्गणी आणि त्यांची उसनवारी मला एकाच जातीची वाटते. खंजिरी भजन म्हणजे आपलं पंकच आहे असं मी म्हणेन.

---

खंजिरी | शुक्रवार, रात्री ७:४५

बर्डीवरून भाऊ, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. राग नाही, पण सांगतो. वर्गणी, सोताचं सामान, कोणाची वाट न पाहणं, इथवर तुमचं बरोबर हाये. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजायच्या खंजिरीले पंक म्हणू नका. आमी तिथं आपलं 'मी' बाजूले ठेवून बसतो. भाचा गाते तवा त्याचा 'मी' समोर असते, अन् त्या वयात तो असलाच पायजे. दोन्ही मले पायजे. एकाले दुसऱ्याचं नाव कायले द्या?

रविवारी येतो. सोबत आमच्या घरचे संत्रे आणतो.

---

धुऱ्यावरचा | रविवार, रात्री ११:२०

झालं मंडळी. सविस्तर लिहितो.

सकाळी नऊला दादा आणि भाचा आले. आधी गिटार आणि आवाज आमच्या कोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमध्ये बसून कोरडा रेकॉर्ड केला. कडब्यामुळे तिथे अजिबात घुमत नाही. मग स्पीकर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोरानं विहिरीत सोडला. तोंड मोकळं, पाण्यापासून चार हात वर. फोन दुसऱ्या बाजूनं बादलीत, जुन्या टॉवेलावर.

पहिल्या खेपेला गाणं सुरू झालं आणि विहिरीच्या कपारीतले पारवे एकदम उडाले. वीस-पंचवीस तरी असतील. त्यांच्या पंखांचा आवाज खाली घुमून वर आला तेव्हा भाच्याच्या अंगावर काटा आला, मी पाहिला. दुसऱ्या खेपेचं रेकॉर्डिंग स्वच्छ होतं. पण तो म्हणाला, पहिलंच ठेवायचं, पारव्यांसकट. पुण्यातल्या भाऊंना दोन्ही पाठवलंय, तेच ठरवतील असं मी म्हटलं, तर पोरगा म्हणाला, "नाही, गाणं माझं आहे." बरोबरच आहे त्याचं.

दुपारी वरण, रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. जेवण झाल्यावर दादांनी बाजेवर पडून दोन्ही कानांत इअरफोन घालून माझ्या फोनवर 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' पूर्ण ऐकला. डोळे मिटून, एक शब्द न बोलता. संपल्यावर फोन परत देताना म्हणाले, "दुसरं गाणं परत लाव." ते बिनशब्दांचं.

पऱ्हाटी ताई, तुमच्यासाठी एक निरोप. भाच्याचं सोयाबीनच्या भावाचं गाणं दोन मिनिटं दहा सेकंदांचं आहे. त्याला एका बाईचा आवाज हवा आहे, गाणारा नाही, ओरडणारा. त्यानं मला विचारायला सांगितलं आहे. फोनवर घरीच रेकॉर्ड करून पाठवलं तरी चालेल. शब्द इथे टाकू का?

---

पऱ्हाटी | रविवार, रात्री ११:५१

टाका. घरी नाही जमणार. उद्या दुपारी वावरातून करते, आई सोबत आहे.